मरियमबीची चुकलेली भरती

मरियमबीच्या फ्रिजच्या दारावरचा प्लास्टिकचा कागद कधी निघालाच नव्हता. फ्रिज घेतला तेव्हा तिचा हम्माद तिसरीत होता, आणि आता त्याच्या कपाळावरचे केस मागे हटायला लागलेत. कागदाच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या होत्या. कुणी ओढायला गेलं की ती हात धरायची. "राहू दे गो. गावी न्यायचाय तो. ओरखडा नको पडायला."

शारजातल्या तिच्या दोन खोल्यांत सगळंच असं. कपाटावर दोन मोठ्या बॅगा, कायम अर्ध्या भरलेल्या. चांगला काचेचा सेट खोक्यात, कारण तो गावच्या घरासाठी. खिडकीला पडद्याच्या जागी एक जुनी ओढणी, कारण पडदे शिवायचे ते गावच्या खिडक्यांच्या मापाने. लोकांचे पडदे, अबाया, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून तिने घर चालवलं, पण स्वतःच्या खिडकीला कधी टेप लावली नाही. मला याचा फार राग यायचा. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," ती म्हणायची. तिच्या तोंडची ही दोन वर्षं मी वीस वर्षं ऐकत आले आहे.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही तेव्हा शारजात राहायचो, दुबईत अल बर्शाला घर नंतर झालं. तिने माझा ब्लाउज इतका सैल शिवला होता की त्यात मी आणि आमचे मुरलीधर दोघं मावलो असतो. मी तणतणत तिच्या दारात गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, ब्लाउज उलटा केला, टाचण्या लावल्या आणि म्हणाली, "चिपळूणच्या ना तुम्ही? बोलण्यावरनं कळलं. उपाशी पोटी भांडू नये माणसाने." मग नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या समोर आल्या. भांडण तिथेच राहिलं, आणि पुढच्या खेपेला आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो.

ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावची, तांडेलाची मुलगी. वडील होडी हाकायचे आणि सगळं गाव त्यांना भरतीची वेळ विचारायचं. लग्न होऊन ती अबुजरच्या मागे इथे आली. अबुजर शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर असायचा. हम्माद दहावीत असताना एका दुपारी अबुजर त्या काउंटरवरच कोसळला, तो गेलाच. मरियमबी माझ्यासमोर रडली नाही. त्या महिन्यात तिने शिवलेल्या सगळ्या कपड्यांची शिवण मात्र वाकडी होती, आणि एकाही गिऱ्हाइकाने कपडा परत आणला नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ग्रीस.

आमची तिसरी मैत्रीण कुंदा. लग्न केलं नाही, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स सांभाळते, मोठी गाडी चालवते आणि त्याहून मोठ्याने बोलते. साठावा वाढदिवस ग्रीसच्या बेटावर करायचा असं तिने ठरवलं. पांढरी घरं, निळी दारं, खाली समुद्र, आणि आम्ही तिघी निळ्या-पांढऱ्या कपड्यांत. मरियमबीने आम्हा दोघींना तसे झगे शिवूनही दिले, या वेळी मापात. मग व्हिसाचे कागद भरताना कळलं की मरियमबीच्या इथल्या रेसिडेन्सीला तीन महिनेसुद्धा उरलेले नाहीत, आणि तेवढे नसले तर तिकडे कुणी उभं करत नाही.

तेव्हा ती म्हणाली, "सांगायचं राहिलंच. हम्मादला कॅनडाची पीआर मिळाली. तो नि मुनिबा चाललेत. माझा व्हिसा त्याच्याच नावावर ना, म्हणजे खलास."

मुनिबा म्हणजे तिची सून. हम्मादची इच्छा होती की अम्मीने सोबत यावं, हॅलिफॅक्स नावाच्या गावी. ती म्हणत होती, मी गावीच जाणार. तो रोज विचारायचा, ती रोज टाळायची. शेवटी त्याने सांगितलं, "अम्मी, रविवारी सकाळी मला फायनल सांगा. तिकिटं काढायचीत."

मी गावाच्या बाजूने होते, आणि त्यात माझा स्वार्थ होता. गावी गेली तर मी सुट्टीत चिपळूणला आले की एसटीने तिच्याकडे जाऊ शकत होते. कॅनडाला गेली तर ती माझ्या फोनमध्ये उरणार होती. मला फोनमधली माणसं आवडत नाहीत.

कुंदाने ग्रीस रद्द केलं. "तिघी, नाहीतर कुणीच नाही," ती म्हणाली. "पण बेट म्हणजे बेटच. यल्ला, इथलंच शोधू." आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी, जानेवारीतल्या एका शनिवारी, आम्ही उम्म अल कुवेनच्या खाडीतलं एक छोटं बेट बघायला निघालो.

सुरुवातच चुकली. मॅपने आम्हाला धक्क्याऐवजी मासळी बाजारात नेऊन सोडलं. निळा-पांढरा झगा आणि रुंद काठाची टोपी घातलेली कुंदा सुरमईच्या ढिगांमधून चालली होती, आणि विकणारे आदराने बाजूला होत होते. धक्का सापडला तेव्हा होडीवाला वली आमची वाट बघून डुलक्या घेत होता. हा वली मुलतानचा, चाळिशीचा, नुकताच या कामाला लागलेला. "समुंदर तो मैंने इधर आके ही देखा, बाजी," त्याने आपणहून सांगितलं. हे ऐकून मी होडीची कड घट्ट धरली. धक्का सुटला नाही तोच कुंदाची टोपी उडाली आणि पाण्यावर तरंगत आमच्याआधी बेटाकडे निघाली.

पण पाणी काय सुंदर होतं. फिकट हिरवं, उथळ, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि मागे अजमानच्या उंच इमारती धुरकट उजेडात पुसट होत गेल्या. आवाज फक्त इंजिनाचा. मरियमबीने हात बाहेर काढून बोटं पाण्यात सोडली होती. मला तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत ही बाई इथे होडीत बसलीच नव्हती. समुद्र तिच्या घरापासून बसने चार थांब्यांवर होता.

बेटावर उतरल्यावर वलीने मालकाचा निरोप सांगितला, "अरबाब बोला है, जोहर की नमाज़ से पहले निकलना. पानी उतरेगा."

मरियमबी हसली. डाव्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्याने मोजत गेली. "आज चांद चौदावा. चौदाव्या चांदाला जोहरच्या वेळी पाणी भरतं, उतरत नाही. रोज पाऊण तास पुढे ढकलायचं, असं अब्बांनी शिकवलंय. मी तांडेलाची लेक आहे. होडी बांध नि झोप, भाई. दोपहर को पानी आएगा, पूरा."

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की वलीने लगेच मान डोलावली. "आप बोलते हो तो ठीक है, अम्मा." आम्हालाही ते पटलं. गाव सोडून इतकी वर्षं झाली, पण ते पाणी तिच्या बोटांवर तसंच होतं, याचं मला कौतुकच वाटलं. अशा बाईने गावीच जायला हवं, असंही वाटलं.

मग आमचं स्थलदर्शन सुरू झालं. बेटाच्या मधोमध कुणीतरी चुना फासलेली एक पडकी खोली होती, तिचं दार खरोखरच निळं होतं. कुंदा हरखली. "हे बघा, आलं आपलं ग्रीस." आम्ही भिंतीला टेकून शंभर फोटो काढले. बाजूला झालो तेव्हा आमच्या झग्यांना काही झालं नव्हतं, पण मरियमबीच्या काळ्या अबायाची सगळी पाठ पांढरी झाली होती. झटकायला गेले तर ती आणखी पसरली. "असू दे," ती म्हणाली, "मी पण झाले निळी-पांढरी." पलीकडच्या किनाऱ्यावर गुलाबी फ्लेमिंगो उभे होते. त्यांच्याजवळ जायला आम्ही ओल्या वाळूतून बरंच चाललो. कुंदाची एक चप्पल चिखलाने गिळली, ती काढताना दुसरी गेली. आम्ही पुरेशा जवळ आलो आणि ते सगळे शांतपणे उडून गेले, जिथून आम्ही आलो होतो तिकडे. आम्ही तिघी चिखलात उभ्या राहून हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि बराच वेळ कुणाला परत फिरावंसं वाटलं नाही.

परत आलो तेव्हा जोहरची वेळ होऊन गेली होती. होडी होती तिथेच होती. पाणी नव्हतं.

जिथे सकाळी फिकट हिरवं पाणी होतं तिथे दूरवर चमकणारा चिखल पसरला होता, आणि होडी एका कुशीवर कलंडली होती. वली तिच्यात बसून फोनवर अरबाबची बोलणी खात होता. "जी. जी, अरबाब. अम्मा ने बोला था." मग फोन ठेवून त्याने आम्हाला सांगितलं, "अरबाब बोलता है, इधर का हिसाब अलग है. एक पानी बड़ा, एक छोटा, और इस खाड़ी में देर से पहुँचता है. अब शाम को छोटा वाला आएगा."

मरियमबीने पुन्हा पेरं मोजली. पुन्हा मोजली. "चूक नाही यात," ती म्हणाली. मग तिने फोन काढला आणि गावी लावला. तिकडे तिच्या चुलत भावाची सून नबिला होती. आवाज इतका स्पष्ट येत होता की आम्हाला सगळं ऐकू आलं.

"नबिला, आज खाडीला भरती कधी गो?"

"भरती? काय माहीत, फुफी. का?"

"कुणाला तरी विचार. तरीवर होडीवाला कोण असेल त्याला."

"ती होडीची तर कधीच बंद झाली, फुफी. पूल झाला ना. आता खाडीकडे कोण जातंय? थांबा, मोबाईलवर दिसतं का बघते."

"राहू दे," मरियमबी म्हणाली. तिने सगळ्यांची खुशाली विचारली, सगळ्यांना सलाम सांगितला आणि फोन पर्समध्ये ठेवला. मग होडीला टेकून वाळूत बसली.

आम्ही डबा उघडला. सांदणं होती, सुक्या जवळ्याची चटणी, घावणे. वलीलाही दिलं. खाऊन कुंदा होडीच्या सावलीत आडवी झाली आणि घोरायला लागली. ऊन मऊ होतं. वारा पडला होता. चिखलावर इवले खेकडे बाहेर येत आणि आमची चाहूल लागली की आत जात. लांबच्या इमारती आता दिसतच नव्हत्या. आम्ही कुठे आहोत, कुठल्या देशात, हे सांगायला आजूबाजूला काहीच नव्हतं. ग्रीस असतं तरी असंच वाटलं असतं. मला तर ती दुपार संपूच नये असं वाटत होतं, कारण ती संपली की रविवार होता.

"वासंती," मरियमबी म्हणाली, "मला वाटायचं, ते सगळं मला पाठ आहे म्हणजे तेही मला धरून बसलंय तिकडे."

मी म्हटलं, "अगं, एक होडी बंद झाली म्हणून काय झालं? घर आहे. माणसं आहेत."

"माणसं आहेत. चांगली आहेत. मी गेले तर मला खाली बसू देणार नाहीत." तिने मूठभर वाळू उचलली नि सोडली. "पण मी ते नाही म्हणत. तिकडचं पाणी कुणी बघत नाही म्हणून मी त्यांना काय बोलू? मी इथलं बघितलं का? तीस वर्षं राहिले. इथलं पाणी कधी येतं, कधी जातं, मला माहीत नाही. बघितलंच नाही मी. जायचंच होतं ना, म्हणून."

मी अल बर्शाच्या खिडकीतून रोज मेट्रो बघते, आणि माझी लेक मिहिका इथेच लहानाची मोठी झाली. इथला वारा कुठून येतो असं तिने विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

असरची वेळ झाली तशी मरियमबीने तिथेच वाळूवर नमाज पढली, पाठीवर चुन्याची पांढरी भिंत घेऊन. उठल्यावर तिने डब्यातला एक चमचा घेतला, अनवाणी चिखलातून चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तो उभा रोवला. मग दोन पावलं अलीकडे दुसरा. मी तिच्या मागे गेले.

"काय करतेस?"

"बघते."

मीही तिच्या शेजारी उकिडवी बसले. किती वेळ, कोण जाणे. पाणी हलतच नव्हतं. पहिला चमचा कोरडा, त्याच्या पुढची वाळू कोरडी, आणि वर आकाशाचा रंग हळूहळू पिकत चाललेला. मला झोप आल्यासारखं झालं, पण झोप नव्हती ती. मग मरियमबीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "समोर नको बघू. मागे बघ."

पाणी मागून आलं होतं. खारफुटीच्या मुळांमधून, वळसा घालून, एका बारीक ओघळातून. आम्ही समोर समुद्राकडे डोळे लावून बसलो होतो आणि ते आमच्या टाचांपाशी येऊन थांबलं होतं. आवाज नाही, लाट नाही. एक काडी उचलून त्याने हळूच फिरवली आणि पुढे नेली. मग समोरचा पहिला चमचाही ओला झाला.

"असं येतं होय," मरियमबी म्हणाली. शिवणाचा नवा प्रकार पहिल्यांदा बघताना तिचा चेहरा होतो तसा झाला होता. दुसरा चमचा बुडेपर्यंत ती जागची हलली नाही. कुंदा जागी होऊन आली, काही विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच आमच्या शेजारी बसली. कुंदा गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

ती छोटी भरती खरंच छोटी होती. होडी स्वतःहून तरंगली नाही. वली आणि आम्ही तिघींनी मिळून ढकलली, झगे गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि साठ वर्षांची कुंदा "हबीबी, पुश" असं होडीला सांगत होती. सूर्य बुडता बुडता आम्ही निघालो. वाटेत खारफुटीच्या फांदीला अडकलेली कुंदाची टोपी दिसली. वलीने होडी वळवायची तयारी दाखवली, तर कुंदा म्हणाली, "राहू दे तिला. ती तरी राहील बेटावर."

शारजात शिरताना नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली. पुढे लाल दिवे, मागे पांढरे, आणि गाडीत चिखलाचा वास. मी मागच्या सीटवर मरियमबीच्या शेजारी होते. तिने हम्मादला फोन लावला आणि चिखलाचे हात लागू नयेत म्हणून स्पीकरवर ठेवला.

"अम्मी, व्हेअर आर यू? मुनिबा इज सो वरीड."

"ट्रॅफिकात. हम्माद, ते तुझं हॅलिफॅक्स. तिथे समुद्र आहे म्हणाला होतास ना?"

"आहे, अम्मी. फ्लॅटपासून टेन मिनिट्स वॉक. व्हिडिओ दाखवला होता तुम्हाला."

"भरती कधी येते तिथे?"

"आय डोन्ट नो. वन मिनिट, गुगल करतो."

"करू नको," मरियमबी म्हणाली. "मी येऊन बघते."

मग हम्मादने निव्वळ मराठीत विचारलं, अगदी तिसरीतल्या मुलासारखं, "खरंच, अम्मी?"

"खरंच. आता ठेव. कुंदा गाडी चालवतेय, तिला रडवू नको."

कुंदा रडत नव्हती, मी रडत होते. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रत्नागिरीची एसटी, खाडीकाठचं घर, सुट्टीतल्या दोन दुपारी, सगळं मी मनात केव्हाच मांडून ठेवलं होतं. तेही खोक्यातल्या काचेच्या सेटसारखंच निघालं. मी तिच्यावर रागावले होते, आणि तिचा हात मात्र सोडवत नव्हता.

तिच्या बिल्डिंगपाशी पोचलो. डबा धुऊन देते म्हणून मी वर गेले. तिने दिवा लावला, पाय धुतले आणि ओल्या पायांनी सरळ स्वयंपाकघरात गेली. फ्रिजसमोर उभी राहिली. वर वळलेली ती पिवळी कड तिने नखाने पकडली.

"दुसरं टोक धर," ती मला म्हणाली.

मी धरलं. कागद जुना होता, सहज निघेना, तुकडे पडायला लागले. एका ठिकाणी तिचं नख लागून बारीक ओरखडा उठला. ती थांबली नाही. आम्ही दोघींनी मिळून तो सगळा काढला, आणि खाली फ्रिजचं दार दुकानातून आणल्या दिवशी असेल तसं नवं कोरं होतं. मरियमबीने त्याच्यावरून एकदा हात फिरवला, दार उघडलं आणि उरलेली सांदणं आत ठेवली.